गाडीच्या टेपचा आवाज फाटतो, बेस हरवतो : आधी सगळं शून्यावर आणा

"बेस वाढवला का आवाज फाटते, कमी केला का मजाच नाही येत." बोलेरो असो, इको असो की आठ-दहा वर्षं चाललेली वॅगनआर, तक्रार हीच. लग्नसराईच्या तोंडावर टेप सेट करून आणतात, दोन दिवस बरा वाजतो, मग कोणीतरी पुन्हा बेसची पट्टी वर ढकलतो आणि पहिले पाढे पंचावन्न. स्पीकर बदलून होतात, कधी अख्खा टेप बदलून होतो, फाटणं जात नाही. बहुतेक गाड्यांत स्पीकर चांगलेच असतात. टेपकडून त्याच्या ताकदीबाहेरचं काम मागितलं जातं, म्हणून आवाज फाटतो.

आधी ही ताकद किती ते पाहू. खोक्यावर "४ × ५० वॅट" छापलेलं असतं. टेपच्या आतल्या अ‍ॅम्प्लिफायर चिपला मिळतो गाडीचाच करंट, इंजिन चालू असताना साधारण १४.४ व्होल्ट. त्यातून ४ ओहमच्या स्पीकरला स्वच्छ आवाजात १८ ते २० वॅटच्या पुढे काही मिळत नाही, मग तो टेप चार हजारांचा असो की चौदा हजारांचा. ५० हा आकडा आवाज पूर्ण फाटलेला असतानाचा.

आता इक्वलायझरचं, म्हणजे बेस-ट्रेबल वरखाली करायच्या पट्ट्यांचं, गणित बघा. एखादी पट्टी ३ डेसिबल (आवाजाच्या पातळीचं माप) वर नेली की त्या पट्ट्यात दुप्पट वॅट लागतात, ६ नेली की चौपट, १० नेली की दहापट. आवाज मोठा असताना ढोलाच्या एका ठोक्यालाच १५ वॅट लागत असतील आणि बेस +६ वर असेल, तर टेपकडून ६० वॅटची मागणी होते. त्याच्याकडे आहेत २०. मग आवाजाच्या लाटेचा माथा कापला जातो, आणि कापलेला माथा म्हणजेच कानाला ऐकू येणारं फाटणं. काही टेपवर पट्टीची एक पायरीच २ डेसिबलची असते, त्यामुळे "फक्त तीनवर ठेवलाय" हा बचाव चालत नाही.

सगळं शून्यावर

बेस (खोल सूर), मिड (मधले), ट्रेबल (वरचे, बारीक) शून्य. लाउडनेस बंद. बेस बूस्ट, सराउंड, 'रॉक', 'पॉप', 'पॉवर' असले तयार साचे बंद. बॅलन्स (डावं-उजवं) आणि फेडर (पुढे-मागे) मध्यावर. स्वतंत्र सबवूफर (फक्त बेससाठीचा मोठा स्पीकर) असेल तर त्याची लेव्हल सध्या पूर्ण खाली.

फोनमधलाही इक्वलायझर बंद करा, हा हमखास विसरला जातो. फोनमध्ये एक बूस्ट, गाण्याच्या अ‍ॅपमध्ये दुसरा, टेपमध्ये तिसरा. अशी तीन मजली माडी बरीच ठिकाणी सापडते. ब्लूटूथवर वाजवताना काही टेप फोनचा आणि स्वतःचा आवाज एकच धरतात, काही वेगळा ठेवतात. वेगळा असेल तर फोन ८०-९० टक्क्यांवर ठेवून बाकी टेपवरून वाढवा. फोन अर्ध्यावर आणि टेप शेवटापर्यंत नेला की मागची सूं-सूं ठळक होते. ऑक्सच्या वायरवर मात्र फोन १०० टक्के नको, काही फोनचा हेडफोन आउटपुट तिथेच फाटतो. ब्लूटूथवर गाणं फोनवरच्या बोलण्यासारखं बारीक आणि एकसुरी येत असेल, तर फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्या टेपसमोरचं 'मीडिया ऑडिओ' बंद पडलेलं असतं. ते चालू केलं की काम झालं.

आणि गाणं? व्हॉट्सअ‍ॅपवर दहा हातांतून फिरलेली फाइल, किंवा मोबाईलवर वरातीत रेकॉर्ड केलेलं धुमाल (लग्नातला बँड), हे मुळातच फाटलेलं असतं. त्यावर टेप लावायला बसू नका. पेनड्राइव्ह एफएटी-३२ मध्ये फॉरमॅट करून त्यावर ३२० केबीपीएसची तीन-चार गाणी घ्या: एक खंजेरीवरचं भजन, एक ढोलकीची लावणी, एक नुसता आवाज आणि हार्मोनियम, एक खोल बेसचं नवं गाणं. खंजेरीची झांज ट्रेबलचा खोटेपणा लगेच उघडा पाडते, आणि गाणाऱ्याचा गळा ओळखीचा असेल तर मिडमधली चूक कानाला टोचते. पेनड्राइव्हवर स्वच्छ आणि ब्लूटूथवर खराब असेल तर टेप आणि स्पीकर दोघेही निर्दोष. फोनच्या बाजूला शोधा.

नेमका कोणता स्पीकर

फेडर पूर्ण पुढे आणि बॅलन्स पूर्ण डावीकडे नेला की फक्त समोरचा डावा स्पीकर वाजतो. असे चारही कोपरे एकेक करून ऐका. चारही सारखेच फाटत असतील तर दोष टेपचा, सेटिंगचा किंवा गाण्याचा. एकच फाटत असेल तर त्या दाराशी थांबा.

तिथे आधी दाराचं पॅड तळहाताने दाबून धरा. आवाज बदलला तर स्पीकर ठीक आहे. पॅडची क्लिप सुटलीय किंवा काच उतरवायची पट्टी थरथरतेय. आपल्या रस्त्यांवर क्लिपा सुटणं रोजचंच, दर वेळी नवीन टाकाव्यात, त्या स्वस्तच असतात. पॅड दाबूनही फरक नसेल तर जाळी काढून, टेप बंद ठेवून, कोन, म्हणजे स्पीकरचा पुढेमागे हलणारा पडदा, दोन्ही बाजूंनी सारखा दाब देत हळूच आत ढकला. खर्र असा घासल्याचा आवाज आला तर कॉइल (कोनामागचं तारेचं वेटोळं) वाकडी झालीय किंवा मॅग्नेटच्या फटीत धूळ गेलीय. काळ्या मातीची धूळ पिठासारखी बारीक असते. कोनाच्या मधली धूळ अडवणारी टोपी उखडली असेल तर ही धूळ थेट फटीत जाऊन बसते. असा स्पीकर साफ होत नाही, बदलावाच लागतो.

मल्टिमीटर असेल तर स्पीकरच्या दोन्ही वायरी सोडवून ओहम मोजा. ४ ओहमचा स्पीकर ३.२ ते ३.८ दाखवतो, हे बरोबर. काहीच दाखवत नसेल तर कॉइल जळाली किंवा तार तुटली. धान निघताना गोंदिया-भंडाऱ्याकडे उभ्या गाडीत उंदीर घुसतात, तेव्हा तार आधी तपासावी. टेपच्या बाजूने मोजताना २ च्या आसपास आकडा आला, तर एकाच लाइनवर दोन स्पीकर जोडलेत. मागे "अजून दोन टाकून द्या" म्हणून टाकलेले हेच ते. ४ आणि ४ समांतर जोडले की २ ओहम होतात, टेप तापतो आणि वीस मिनिटांनी आवाज तुटक येऊ लागतो.

उलट्या वायरी

सगळ्यांत जास्त फसवणारा दोष हा. स्पीकर वाजतो, फाटत नाही, पण बेसला जीव नाही. गाणाऱ्याचा आवाज कुठून येतोय कळत नाही. एका दारातल्या स्पीकरच्या वायरी उलट्या लागल्या असतील तर डावा कोन बाहेर येतो तेव्हा उजवा आत जातो, आणि दोघांचा बेस एकमेकांना खाऊन टाकतो. मग माणूस बेस +५ करतो, टेप फाटतो, बेस मात्र येत नाही. इक्वलायझरने हा दोष कधीच जात नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. फेडर पूर्ण पुढे घ्या, बॅलन्स मध्यावर, ढोलाचं गाणं लावा. आता बॅलन्स सावकाश एका बाजूला न्या. एकच स्पीकर उरल्यावर बेस *वाढला*, तर पुढच्या दोघांपैकी एक उलटा आहे. हेच फेडर मागे नेऊन मागच्या जोडीसाठी करा. शेवटी बॅलन्स एका बाजूला ठेवून फेडर पुढेमागे करा, म्हणजे पुढचा-मागचा मेळ कळेल.

नक्की कोणता उलटा हे पेन्सिल सेलने कळतं. टेपच्या मागचा सॉकेट आधी काढा. जोडलेल्या टेपला बाहेरून सेल लावायचा नाही. मग स्पीकरच्या दोन वायरींना दीड व्होल्टचा सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर उडाला तर सेलच्या प्लसला लागलेली तार प्लस. आत गेला तर उलट. स्पीकरवर रुंद पत्ती प्लसची आणि अरुंद मायनसची असते. नव्या टेपच्या वायरींचे रंग बहुधा असे: पांढरी समोर-डावी, करडी समोर-उजवी, हिरवी मागे-डावी, जांभळी मागे-उजवी. त्याच रंगावर काळी रेघ असलेली तार म्हणजे मायनस.

ही काळ्या रेघेची तार बॉडीला कधीही लावू नका. जुन्या सुमो, ट्रॅक्समध्ये स्पीकरला एकच तार यायची आणि दुसरं टोक पत्र्याला जोडलेलं असायचं. आजच्या टेपच्या दोन्ही तारांवर आउटपुट असतो. जुन्या गाडीत नवीन टेप टाकताना जुनीच एक तार वापरली तर चिप जळते. दोन तारा नव्याने ओढा.

दारातल्या स्पीकरवरचं ओझं उतरवा

सहा-साडेसहा इंची स्पीकरला ५० हर्ट्झचा बेस झेपत नाही (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला कंपनं; आकडा लहान तितका सूर खोल). कोन नुसता पुढेमागे धावतो, हाती आवाज लागत नाही, आणि त्या धावपळीत गळाही फाटतो. मेनूत 'क्रॉसओव्हर' किंवा 'एचपीएफ' शोधा; ठरवलेल्या आकड्याखालचे सूर तो अडवतो. दारातल्या स्पीकरला ८० हर्ट्झ, उतार (किती जोरात अडवायचं) १२ डेसिबल. चार इंची डॅशबोर्डवाले असतील तर १२० ते १५०. मागे ६ × ९ चे अंडाकृती असतील तर त्यांना ६० चालतं. एवढ्या एका बदलाने टेप आधीपेक्षा चार-पाच आकडे वर नेता येतो.

टेपमध्ये ही सोय नसेल तर इक्वलायझरमधली सगळ्यांत खालची पट्टी, ५० किंवा ६० हर्ट्झची, ४ ने खाली घ्या. याहून चांगला उपाय तालुक्याच्या कोणत्याही रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात होतो: स्पीकरच्या प्लस तारेत ४७० मायक्रोफॅरडचा नॉन-पोलर कपॅसिटर. ४ ओहमला तो साधारण ८५ हर्ट्झच्या खालचं अडवतो. नॉन-पोलर मिळाला नाही तर १००० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्टचे दोन साधे घ्या, त्यांच्या मायनस-मायनस पत्त्या एकमेकांना झाळा आणि दोन्ही प्लस टोकं लाइनमध्ये टाका. मिळून ५०० होतात. एकटा साधा कपॅसिटर मात्र चालणार नाही, तो फुगून फुटतो.

आता इक्वलायझर, तोही खालच्या दिशेने

गाणं लावून आवाज नेहमी ऐकता तितका ठेवा. जे कमी वाटतं ते वाढवू नका. जे जास्त वाटतं ते शोधून कमी करा. पट्टी ओळखायला ती क्षणभर +५ वर नेऊन बघावी: त्रास वाढला तर हीच ती, मग तिला -२ किंवा -३ वर आणून सोडावी.

पत्र्याच्या चौकोनी गाड्यांत, म्हणजे बोलेरो आणि इकोत, १२५ ते २५० हर्ट्झमध्ये आवाज डब्यात बोलल्यासारखा घुमतो. तिथे -३ केलं की बेस मोकळा झाल्यासारखा वाटतो, बेसला हात न लावता. ५०० जवळ जास्त असेल तर नाकातून गायल्यासारखं येतं. २ ते ४ हजार हर्ट्झ कानाला सर्वांत टोचणारा भाग. शब्द तिथेच कळतात, म्हणून फार कापू नका, -२ पुरे. "स" आणि "श" शिट्टीसारखे येत असतील तर ६ ते ८ हजारांवर -२. १६ हजारांची पट्टी साठीतल्या माणसाने लावली तर तरुण पोरांचे कान फुटतात. ती शून्यावरच बरी.

सगळं झाल्यावर बेस खरोखर हवा असेल तर ८०-१०० हर्ट्झवर +२ द्या. त्याहून जास्त हवा तर सबवूफर घ्या, दुसरा इलाज नाही. लाउडनेसचं काम वेगळं आहे: हळू आवाजात आपल्या कानाला बेस आणि ट्रेबल कमी ऐकू येतात, ती तूट तो भरून काढतो. रात्री हळू ऐकताना चालू, मोठ्या आवाजात बंद.

मग व्हॉल्यूमची हद्द ठरवा. स्वच्छ गाणं लावून हळूहळू वर जा. गळा किंचित खरखरायला लागला तिथून दोन आकडे मागे या. तो आकडा गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला सांगा. मेनूत 'मॅक्स व्हॉल्यूम' असेल तर तिथेच बांधून टाका.

'टाइम अलाइनमेंट' (सगळ्या स्पीकरचा आवाज कानाशी एकाच वेळी पोचवायची सोय) असेल आणि एकट्याने गाडी चालवायची असेल तर मोजपट्टी घ्या. आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. डोक्यापासून उजवं दार ८५ सेंटिमीटर आणि डावं १३६ असेल तर फरक ५१. उजव्याला दीड मिलिसेकंद उशीर द्या. गाडीत आठ माणसं बसणार असतील तर हे बंदच ठेवा.

अ‍ॅम्प्लिफायर आणि सबवूफर असेल तर

अ‍ॅम्प्लिफायरवरचं 'गेन' म्हणजे आवाज वाढवायचं बटण नव्हे. तो टेप आणि अ‍ॅम्प्लिफायरची जोड जमवण्यासाठी आहे. स्पीकरच्या वायरी काढा, बेस बूस्ट शून्य, टेप आपल्या ठरवलेल्या हद्दीवर, पेनड्राइव्हवर ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा (पूर्ण पातळीचा) सूर. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून आउटपुट मोजत गेन शून्यापासून वर न्या. किती व्होल्टवर थांबायचं? वॅटला ओहमने गुणून वर्गमूळ काढा. ४ ओहमला ५० वॅट म्हणजे १४.१ व्होल्ट, ७५ म्हणजे १७.३, १०० म्हणजे २०. आकडा आरएमएसचा (सतत मिळणाऱ्या ताकदीचा) घ्या, खोक्यावरच्या 'मॅक्स'चा नको. पुढच्या स्पीकरांसाठी २०० हर्ट्झचा सूर वापरा. साधा मीटर फार वरचे सूर चुकीचे मोजतो.

सबवूफरला एलपीएफ (वरचे सूर अडवणारी सोय) ८० हर्ट्झ. 'फेज'चं बटण ० आणि १८० दोन्हीवर ऐकून जिथे समोरच्या सीटवर बेस जास्त भरतो तिथे ठेवा.

एक्सलेटर दाबला की कूंऽऽ असा चढत जाणारा आवाज येत असेल तर तो अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनवर वीज बनवणाऱ्या यंत्राचा. अ‍ॅम्प्लिफायरची अर्थ वायर रंगावर लावलेली असते, हे पहिलं कारण. रंग खरवडून उघड्या पत्र्याला, दीड फुटापेक्षा लांब नसलेल्या तारेने, घट्ट बोल्टने जोडा. दुसरं कारण: आरसीए केबल (टेपमधून अ‍ॅम्प्लिफायरला आवाज नेणारी) आणि बॅटरीची जाड तार एकाच बाजूने ओढलेली. त्या गाडीच्या दोन वेगळ्या कडांनी न्या. ऑक्सवर गाणं आणि त्याच वेळी लायटरच्या सॉकेटवर फोन चार्ज होत असेल तेव्हाच कूं येत असेल, तर चार्जर काढून बघा. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत फ्यूज हवाच; तो नसलेली गाडी म्हणजे पेट्रोलजवळ ठेवलेली काडी.

रेडिओ

नवीन टेप टाकल्यावर एफएम खरखरतं तेव्हा दोन गोष्टी बघा. छतावरच्या छोट्या अँटेनाच्या बुडात बूस्टर असतो आणि त्याला निळ्या तारेने १२ व्होल्ट लागतात; मिस्त्री ती तार मोकळी सोडून देतो. दुसरी, मेनूतलं 'रेडिओ रिजन'. ते अमेरिकेवर असेल तर एफएम ०.२ च्या उडीने जातं आणि फक्त विषम शेवटाचे आकडे धरतं. नागपूरचं विविध भारती १००.६ वर, टेप १००.५ आणि १००.७ वर घुटमळत राहतो. मध्यम लहरींवरही तेच: नागपूर आकाशवाणी ५८५, आणि अमेरिकी टेप दहाच्या पायरीने ५८० वरून थेट ५९० ला उडी मारतो. रिजन युरोप किंवा आशिया करा. शिवाय 'लोकल' बंद ठेवा, नाहीतर दुरची केंद्रं शोधताना टेप ती वगळतो. मेळघाटाच्या दऱ्यांत किंवा भामरागडच्या रस्त्यावर लहरीच पोचत नसेल तर तिथे सेटिंगशी झगडू नये, पेनड्राइव्ह लावावा.

ऊन, पाणी, आणि विसरणारा टेप

मे महिन्यात विदर्भात पारा ४५ च्या वर जातो आणि उन्हातल्या बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त. बसल्या बसल्या टेप पूर्ण वाजवला की चिप स्वतःला वाचवायला आवाज तोडते. काचा उतरवून पाच-दहा मिनिटं हवा खेळू द्या, मग वाढवा. टेपच्या मागे वायरींचा गुंता कोंबलेला असेल तर तो बाजूला बांधा. मागचा पत्रा मोकळा हवा.

पावसाळ्यात पाणी काचेच्या फटीतून दारात उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. ते आत येऊ नये म्हणून पॅडमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना तो फाडून फेकला की भाद्रपदापर्यंत कागदी कोन फुगतो आणि आवाज भदभद येतो. जाड प्लास्टिक कापून कडेने पुन्हा चिकटवा. स्पीकरमागे कापूस किंवा थर्माकोल कोंबणं बंद करा. कापूस पाणी धरून ठेवतो.

आणि गाडी बंद केली की सगळं सेटिंग पुसलं जात असेल, घड्याळ बारावर येत असेल, तर पिवळी आणि लाल तार तपासा. पिवळीला कायम १२ व्होल्ट हवेत, लालला फक्त चावी फिरवल्यावर. दोन्ही चावीवर जोडल्या तर टेप रोज कोरा होतो. दोन्ही कायमवर जोडल्या तर आठवड्याच्या बाजाराला निघताना बॅटरी उतरलेली सापडते. काही गाड्यांच्या सॉकेटमध्ये या दोघींची जागा उलटी येते, तिथे टेपच्या वायरीवरच्या जोडातच अदलाबदल करावी. पेरणीच्या दिवसांत बॅटरी काढून ट्रॅक्टरला लावायची वेळ येतेच, त्याआधी इक्वलायझर आणि क्रॉसओव्हरच्या पडद्याचा फोटो काढून ठेवा.